विद्येसाठी मांडलेले बिऱ्हाड

आर. के. पुरमच्या सेक्टरांतील सरकारी क्वार्टरांत जी मराठी कुटुंबे आली, ती बहुतांशी नेमणुकीचा कागद हाती घेऊन आली. आधी नोकरी, मग क्वार्टरचे वाटप, मग शेजार, आणि शेवटी मंडळ, हा क्रम आपल्यापैकी अनेकांच्या घरी सारखाच आहे. पन्नास वर्षांत या क्रमापुढे आणखी एक पायरी आली. घरातील मुलगा किंवा मुलगी पदवी घेऊन जवळच्याच शांतिपथावरील एखाद्या वकिलातीत व्हिसासाठी उभी राहते आणि काही आठवड्यांत दूरदेशीच्या विद्यापीठात दाखल होते. तिची चिठ्ठी, अलीकडे तिचा फोन, येतो तेव्हा आईवडील प्रथम काय विचारतात? प्राध्यापक कोण, हे नव्हे. राहायला जागा कशी आहे आणि जेवतेस काय, हे.

चरित्रकोशांतून मात्र नेमका हाच भाग गळलेला असतो. तेथे पदवी असते, प्रबंधाचे नाव असते, वर्ष असते. बिऱ्हाडाचा उल्लेख असलाच तर ओझरता. वास्तविक, परमुलखात जाऊन उच्च शिक्षण घेतलेल्या आपल्या माणसांच्या आयुष्याला वळण मिळाले ते पुष्कळदा त्या बिऱ्हाडातच. प्रस्तुत लेखात अशा काही बिऱ्हाडांचा मागोवा घ्यावयाचा आहे. त्यांपैकी एकावर लेखणी अधिक रेंगाळणार आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

आरंभ डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यापासून करणे प्राप्त आहे. त्यांचे शिक्षण आजच्या अर्थाने पदव्युत्तर नव्हते. परंतु पुढील सर्वांची वाट त्यांनीच पाडली. आणखी एका कारणाने त्या आपल्या मंडळाच्या वाचकांना जवळच्या वाटाव्यात. त्या अमेरिकेला निघाल्या त्या पुण्याहून किंवा कल्याणहून नव्हे. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते आणि बदलीमुळे हे दांपत्य बंगालमध्ये श्रीरामपूर येथे राहत होते. १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याच्या धक्क्यावरून अठरा वर्षांच्या आनंदीबाई एकट्याच बोटीत बसल्या. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या, तेव्हा न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरी नेले. केवळ पत्रव्यवहारातून जुळलेले ते नाते. फिलाडेल्फियाला महाविद्यालयात गेल्यावर मात्र ही माया रोजच्या रोज मिळेनाशी झाली. खोलीतली शेगडी नीट पेटेना, धूर कोंडे. एकीकडे थंडी, दुसरीकडे शाकाहाराचा नेम आणि अंगावर नऊवारी. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचे देहावसान झाले. क्षयाला केवळ त्या खोलीला जबाबदार धरणे शास्त्राला धरून होणार नाही. तरीही ती खोली विसरता येत नाही.

पुढच्या पिढीत श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ मध्ये अमेरिकेस गेले. न्यूयॉर्क राज्याच्या आतल्या भागात इथाका नावाचे लहानसे गाव आहे. तेथील कॉर्नेल विद्यापीठात ते राहिले आणि १९११ मध्ये पीएच. डी. झाले. ज्ञानकोशकार म्हणून केतकरांना सारा महाराष्ट्र ओळखतो. परंतु त्यांचे पहिले महत्त्वाचे पुस्तक १९०९ साली त्या इथाकातच छापले गेले आणि त्याचा विषय होता हिंदुस्थानातील जातिसंस्थेचा इतिहास. आपल्या समाजातील सर्वांत अंगवळणी पडलेली गोष्ट न्याहाळण्यासाठी त्यांना तेथवर जावे लागले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण अंतराचा उपयोग झाला असावा. त्या पुस्तकाचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

१९१३ च्या जुलै महिन्यात भीमराव रामजी आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. वय बावीस. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वडील, सुभेदार रामजी, निवर्तले होते. मुंबईत पत्नी रमाबाई व कुटुंब मागे होते. पैसा बडोदे सरकारचा होता. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली होती आणि त्यासाठी ४ जून १९१३ रोजी करारनामा झाला होता. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावयाची, ही त्यातील अट. आज बँकेचे शैक्षणिक कर्ज घेऊन जाणाऱ्या विद्यार्थ्याला या कराराची जात तत्काळ ओळखू येईल. हप्ता पैशांत नव्हे, आयुष्याच्या वर्षांत फेडावयाचा, एवढाच फरक.

पहिले बिऱ्हाड विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात मांडले गेले, पण ते आठवडाभरच टिकले. जेवण नीट शिजवलेले नसे आणि त्यात गोमांस असे. तेथून ते पश्चिम ११४ व्या रस्त्यावरील कॉस्मॉपॉलिटन क्लबमध्ये गेले, कारण तेथे काही हिंदी विद्यार्थी राहत होते. त्यानंतर लिव्हिंगस्टन हॉल. येथे त्यांच्या जोडीला नवल भथेना हा पारशी विद्यार्थी होता. परदेशात खोलीचा जोडीदार कोण मिळतो, हा निव्वळ योगायोगाचा भाग. पण कधीकधी या योगायोगावर पुढची चाळीस वर्षे उभी राहतात. भथेनांशी झालेली मैत्री अखेरपर्यंत टिकली आणि अडचणीच्या वेळी ती पैशाच्या रूपानेही उभी राहिली.

काही आठवड्यांत तीन बिऱ्हाडे बदलणे यात विशेष काही नाही. तसे बहुतेकांचे होते. विशेष आहे ते निराळेच. मुंबई इलाख्यातील शाळांत ज्या मुलाला आपले गोणपाट घरून नेऊन वेगळे बसावे लागले होते, शिपाई नसेल त्या दिवशी ज्याला तहानलेलेच राहावे लागत होते, तो मुलगा आता वसतिगृहाच्या सामायिक भोजनगृहात बसत होता आणि त्याच्या स्पर्शाची कोणी चौकशी करीत नव्हते. पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी नमूद केले आहे की, युरोप-अमेरिकेतील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. पहिल्याच दिवसांत न्यूयॉर्कहून वडिलांच्या एका स्नेह्याला पाठवलेल्या पत्रात त्यांनी मुलांबरोबर मुलींनाही शिकवण्याचा आग्रह धरला आहे. नवख्या जागी आलेला विद्यार्थी सहसा स्वतःच्या गैरसोयींविषयी लिहितो. या पत्राचा रोख अगदी वेगळा आहे.

मात्र न्यूयॉर्क म्हणजे समतेचे नंदनवन अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. कोलंबिया विद्यापीठाला लागूनच हार्लेमची वस्ती आहे आणि त्या काळी अमेरिकेतील काळ्या नागरिकांच्या वाट्याला येणारी वागणूक काही लपलेली नव्हती. जी मोकळीक परदेशी विद्यार्थ्याला मिळाली, ती तेथील लक्षावधी भूमिपुत्रांना मिळत नव्हती. आंबेडकरांच्या नजरेतून हे सुटले नसावे. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलेल्या पत्रात या प्रश्नाचा आपण अभ्यास करीत आल्याचे म्हटले आहे.

तीन वर्षांची मुदत आणि मोजका पैसा यांमुळे अभ्यासाचा वेग विलक्षण होता. त्यांनी कोलंबियात घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद उपलब्ध आहे : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. केवळ पदवी पदरात पाडून घेणारा मनुष्य एवढ्या वर्गांत बसत नाही. शिष्यवृत्तीतून घरीही पैसे पाठवावे लागत. उरलेल्यातून जुन्या पुस्तकांची खरेदी चाले. शिक्षक म्हणून लाभले ते एडविन सेलिग्मन, जॉन ड्यूई, जेम्स शॉटवेल, जेम्स हार्वे रॉबिन्सन यांच्यासारखे. ड्यूई यांचे ऋण त्यांनी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये उघडपणे मान्य केले आहे. सेलिग्मन यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथाला प्रस्तावना लिहिली.

१९१५ मध्ये एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी हिंदुस्थानातील जातींवरील निबंध वाचला आणि येथे इथाकाच्या त्या पुस्तकाची गाठ पडते. जातीच्या व्याख्यांची छाननी करताना आंबेडकरांनी सेनार, नेसफील्ड आणि रिझ्ली या युरोपीय पंडितांसोबत केतकरांची व्याख्या घेतली आहे. केतकर स्वतः या समाजातले असल्याने त्यांची दृष्टी अधिक मर्मग्राही आहे, हे ते मान्य करतात. आणि मग दाखवून देतात की, जातीबाहेर लग्न न करणे व जन्माने सभासद होणे ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे म्हणजे एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. सात वर्षांच्या अंतराने, एकाच अमेरिकन राज्यातील दोन विद्यापीठांत, दोन मराठी विद्यार्थ्यांमध्ये झालेला हा वाद. एक ब्राह्मण, दुसरा महार. त्या काळी महाराष्ट्रातील एखाद्या घरच्या पंगतीत हे दोघे शेजारी बसले असते काय, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

१९१६ च्या उन्हाळ्यात आंबेडकर लंडनला गेले. ऑक्टोबरात ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या दोन्ही ठिकाणी नाव दाखल झाले. परंतु बडोद्याची वाढीव मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी तेवढी त्यांनी मिळवून ठेवली. महायुद्ध चालू होते. ज्या बोटीने पुस्तके व सामान रवाना केले होते, ती पाणतीराने बुडाली. तिची जी भरपाई मिळाली, तिच्यातूनच पुढे बडोद्याचा प्रवासखर्च निघाला.

कराराप्रमाणे ते बडोद्यास गेले. न्यूयॉर्कमध्ये एका आठवड्यात जागा बदलता आली, पण येथे मात्र राहण्यास जागाच मिळेना. हिंदूंच्या खाणावळीत प्रवेश नव्हता. मग पारशी नाव लावून एका पारशी विश्रामगृहाच्या वरच्या मजल्यावर रोज दीड रुपया भाड्याने त्यांनी मुक्काम केला. तेथे दुसरा कोणीच प्रवासी नव्हता. मोडक्या सामानाच्या अडगळीत, मिणमिणत्या कंदिलाच्या उजेडात पुस्तक वाचत ते रात्री काढीत. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघण्याच्या वेळी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून वर आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद मिळाली. गावात दोन परिचित होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. पहिल्याने आपले नोकर निघून जातील असे सांगितले. दुसऱ्याने पत्नीला विचारावे लागेल म्हटले, आणि पत्नीची संमती मिळण्यासारखी नव्हती. रात्रीच्या मुंबईच्या गाडीला अवकाश होता. ते तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले.

करार दहा वर्षांचा, बिऱ्हाड अकरा दिवसांचे.

या प्रसंगात महाराजांच्या औदार्याला उणेपणा येत नाही. ज्याने शिष्यवृत्ती दिली त्याच्या राजधानीत शिष्यवृत्तीधारकाला छप्पर मिळू नये, याचे कारण राजवाड्यात नव्हते, ते रस्त्यारस्त्यांवर होते. सयाजीरावांच्या सुधारणांचा इतिहास लिहिताना हे दोन्ही एकत्र ठेवावयास हवे. आपल्याकडे एक लिहिले की दुसरे वगळण्याची रीत आहे.

अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. या खेपेस शिष्यवृत्ती नव्हती. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या पगारातील बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि लिव्हिंगस्टन हॉलच्या त्या जोडीदाराकडून घेतलेले पाच हजार रुपये, एवढ्यावर हा संसार चालला. घरमालकीण कडक होती आणि न्याहारी अपुरी. रात्री भूक लागली की एका मित्राने दिलेले पापड पत्र्यावर भाजून ते खात आणि पुन्हा वाचावयास बसत, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. मुलाबाळांच्या बॅगेत पापडाचा डबा कोंबणाऱ्या आपल्या भगिनींनी ही नोंद अवश्य वाचावी. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. या पदव्या त्यांनी लंडनला मिळवल्या. कोलंबियाची पीएच. डी. मात्र, प्रबंध छापून सादर करण्याच्या नियमामुळे, १९२७ साली हाती आली.

आता दोन स्त्रियांची बिऱ्हाडे पाहू. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या. पती दिनकर कर्वे स्वतः जर्मनीत शिकून आलेले, त्यामुळे घरात या विषयाची माहिती होती. तरी सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांना त्यांचे जाणे पसंत नव्हते. ज्यांनी स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचला त्यांच्याच घरात हा विरोध व्हावा, याचे नवल वाटते खरे. परंतु संस्थेसाठी पै-पै जमवणारा मनुष्य घरच्या खर्चाकडे कोणत्या नजरेने पाहत असेल, याचाही विचार केला पाहिजे. जाण्यासाठी डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतले गेले. बर्लिनच्या डालेम भागात १९२७ मध्ये स्थापन झालेली मानववंश व आनुवंशिकता यांची संस्था होती आणि तिचे प्रमुख होते ऑयगेन फिशर. गोऱ्या वंशाचे श्रेष्ठत्व कवटीच्या घडणीत शोधणारे हे शास्त्र. इरावतीबाईंकडे काम आले ते माणसांच्या कवट्यांच्या दोन बाजूंतील असमानता मोजण्याचे, आणि तीत वंशभेद दिसावा अशी अपेक्षा होती. सुमारे दीडशे कवट्या त्यांनी मोजल्या आणि असा काही वंशभेद दिसत नाही, हे प्रबंधात नोंदवले. परक्या देशातील कर्जबाजारी विद्यार्थिनीने आपल्या मार्गदर्शकाच्या सिद्धांताविरुद्ध आकडे मांडणे ही लहान गोष्ट नव्हती. पदवी मिळाली. त्या संस्थेचे पुढे नाझी राजवटीत काय झाले, ते जगाला ठाऊक आहे.

दुसऱ्या कमला भागवत, विवाहानंतरच्या कमला सोहोनी. दुर्गा भागवत यांच्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ मध्ये त्या बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. भागवतांच्या घरातील वडीलधारे त्याच संस्थेत शिकलेले असूनही ही गत. कमलाबाईंनी तेथे सत्याग्रहाचा पवित्रा घेतला. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिले वर्ष उमेदवारीचे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावयाचे, आणि प्रयोगशाळेतील वातावरण बिघडू द्यावयाचे नाही. पुढे त्या केंब्रिजला गेल्या, १९३७ च्या अखेरीस. सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायन प्रयोगशाळेत त्या वर्षीच्या जागा भरल्या होत्या. तेव्हा डेरेक रिश्टर नावाच्या संशोधकाने आपले टेबल दिवसा त्यांना देऊ केले आणि आपण रात्री काम करीन असे सांगितले. ही आठवण कमलाबाईंच्या चरित्रकथनात येते. बंगलोरला रात्र त्यांच्या वाट्याला अट म्हणून आली होती. केंब्रिजला ती दुसऱ्याने आपण होऊन पत्करली. न्यूनम महाविद्यालयात राहून, बटाट्यापासून सुरुवात करून त्यांनी वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी शोधून काढले. साऱ्या कामाला लागले चौदा महिने. प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा. १९३९ मध्ये त्या पीएच. डी. झाल्या, विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

त्यानंतर त्या मायदेशी परतल्या आणि त्यांची पहिली नेमणूक झाली ती आपल्या या दिल्लीत, लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात, नव्याने सुरू झालेल्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख म्हणून. आंबेडकर दिल्लीत राहावयास आले ते १९४२ मध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य म्हणून. पृथ्वीराज रोडवरील २२ क्रमांकाचा बंगला, मग कायदेमंत्री असताना हार्डिंग अॅव्हेन्यू, म्हणजे आजचा टिळक मार्ग, आणि १९५१ पासून २६, अलीपूर रोड. प्रत्येक वेळी पुस्तकांच्या पेट्या सोबत हलल्या. अलीपूर रोडवरील घर सिरोहीच्या महाराजांचे होते. १९५२ च्या जूनमध्ये ते कोलंबियाला पुन्हा गेले, मानद डॉक्टरेट स्वीकारण्यासाठी. ६ डिसेंबर १९५६ रोजी अलीपूर रोडच्या त्याच घरात त्यांचे महानिर्वाण झाले. २०१८ पासून तेथे राष्ट्रीय स्मारक आहे. आर. के. पुरमहून ते शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला पडते, सिव्हिल लाइन्सच्या बाजूला. पण रविवारी सकाळी निघाले तर दुपारच्या जेवणाला घरी परतता येते.